खापरपणजीच्या माहेराचा शोध: नेब्रास्कातील पाच दिवस

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेली. सातबारा, फेरफार, टिपणे आणि वारसनोंदी यांच्या कागदांत मी तीस वर्षांहून अधिक काळ वावरले, आणि निवृत्तीनंतर या कागदांशी आपला संबंध संपला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मुलीकडे अमेरिकेत गेले असताना विहीणबाईंनी एक जुना फोटो पुढे ठेवला. कपाळावर रुमाल बांधलेली, ओठ घट्ट मिटलेली एक बाई त्यात होती. ती त्यांची खापरपणजी. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, नेब्रास्काच्या माळावर वस्ती करायला आलेल्या पहिल्या पिढीतली. घरच्यांना तिचे पहिले नाव ठाऊक होते आणि नवऱ्याचे आडनाव ठाऊक होते. माहेरचे नाव कोणालाच सांगता येत नव्हते. सप्टेंबरात आम्ही दोघी विहिणी गाडी घेऊन निघालो, त्या एवढ्या एका नावासाठी.

पहिला दिवस: लिंकन

ओमाहाहून लिंकनला पोहोचायला तासभर पुरतो. राज्याच्या विधानभवनाचा उंच मनोरा आणि त्याच्या टोकावरचा बी पेरणारा शेतकरी दुरूनच दिसतो. आम्ही मात्र तिकडे न वळता थेट राज्याच्या इतिहास संस्थेच्या वाचनकक्षात गेलो आणि सूक्ष्मपटाच्या, म्हणजे मायक्रोफिल्मच्या, यंत्रापुढे बसलो.

घरात चालत आलेली गोष्ट अशी होती, की कुटुंब १८७३ मध्ये एलिस बेटावर उतरले आणि तिथल्या कारकुनाने आडनाव बदलले. या गोष्टीचे दोन्ही पाय पहिल्या तासातच मोडले. एलिस बेटावरचे केंद्र सुरूच मुळी १८९२ मध्ये झाले. त्याआधी न्यूयॉर्कला येणारे लोक कॅसल गार्डनमध्ये उतरत. शिवाय तिथले कारकून जहाजाच्या यादीवरून नावे पडताळत, नवी नावे ठेवत नसत. आडनावांची मोडतोड पुढे गावोगावच्या लेखनिकांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहून केली. ‘पुणे’चे ‘पूना’ झालेले पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते, पण प्रत्येक वेळचे प्रश्न वेगळे असतात, आणि वंशावळ शोधणाऱ्याने उत्तराआधी प्रश्न वाचावा लागतो. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हा रकाना १८८० मध्ये प्रथम आला. त्या वर्षीच्या पानावर आमची बाई विधवा आणि कुटुंबप्रमुख म्हणून सापडली. मुलांच्या जन्मस्थानांचा रकाना वरून खाली वाचत गेले तेव्हा मला सगळ्यांत जास्त आनंद झाला: थोरली बोहेमियात जन्मलेली, मधली दोन विस्कॉन्सिनमध्ये, धाकटी सगळी नेब्रास्कात. कोणी न लिहिलेला प्रवास मुलांच्या जन्मांनी लिहून ठेवला होता. १८९० ची जनगणना मिळतच नाही, कारण वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत तिचा बहुतेक भाग गेला. ती पोकळी काही अंशी १८८५ ची गणना भरून काढते, जी नेब्रास्कासह मोजक्याच ठिकाणी झाली.

१९०० च्या पानावर देशात आल्याचे वर्ष १८६७ असे होते. त्याच ओळीत पुढे दोन आकडे होते. त्या वर्षीच्या गणनेत प्रत्येक विवाहित किंवा विधवा बाईला विचारले जाई, की मुले किती झाली आणि आज हयात किती. आमच्या बाईच्या नावापुढे १० आणि ६ असे लिहिले होते. विहीणबाईंनी तोपर्यंत सहाचीच नावे ऐकली होती. त्यांनी वहीच्या एका पानावर चार रिकाम्या ओळी आखल्या आणि पान उलटले.

माहेरचे नाव मात्र यांपैकी एकाही रकान्यात नव्हते, कारण ते कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा दिवस: बीॲट्रिस

या गावाचे स्पेलिंग पाहून आपण ‘बिआट्रिस’ म्हणतो. स्थानिक लोक ‘ॲ’वर जोर देऊन ‘बीॲट्रिस’ म्हणतात आणि पाहुण्याची चूक हसून दुरुस्त करतात. गावाच्या पश्चिमेला चार मैलांवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना १८६२ मध्ये होमस्टेड कायदा झाला. एकवीस वर्षांवरील किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाला, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसाला, १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू शके. अट अशी, की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची. सारी सरकारी फी मिळून अठरा डॉलर होई. १ जानेवारी १८६३ रोजी, कायदा लागू झाला त्याच दिवशी, डॅनियल फ्रीमन याने अर्ज केला आणि त्याच्याच जमिनीवर आज हे उद्यान उभे आहे. या कायद्याखाली देशभर सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेतीन पट. उद्यानाचे वाहनतळ मुद्दाम बरोबर एक एकराचे केले आहे. आयुष्यभर एकर-गुंठे लिहीत बसलेल्या मला गाडीतून उतरल्याबरोबर चाळीस गुंठे डोळ्यांपुढे अंथरलेले पाहून फार बरे वाटले.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही सांगायला हवे. हा सगळा मुलूख ओटो आणि मिसूरिया लोकांचा होता. १८५४ च्या तहाने तो त्यांच्याकडून घेतला गेला, बिग ब्ल्यू नदीकाठी त्यांना एक राखीव पट्टा उरला, आणि १८८१ मध्ये तोही सोडून त्यांना दक्षिणेकडे जावे लागले. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या फायली हाताळलेल्या असल्याने ‘मोकळी जमीन’ हे शब्द मी सहसा विश्वासाने वाचत नाही.

नेब्रास्कातल्या होमस्टेड फायली संगणकावर आलेल्या आहेत आणि उद्यानात बसून त्या पाहता येतात. नुसता पट्टा, म्हणजे जमिनीचे अंतिम सरकारी दानपत्र, एका पानाचा असतो आणि त्यात नाव, क्षेत्र आणि तारीख यांपलीकडे काही नसते. खरा ऐवज असतो तो पट्ट्याच्या मागच्या फायलीत.

आमच्या फायलीत अर्ज १८७३ चा, नवऱ्याच्या नावे होता. क्षेत्र १६० नव्हे, ८० एकर. कारण रेल्वे कंपनीला मार्गाच्या दोन्ही बाजूंचे, मोजणीतले एकेक मैलाचे विषम क्रमांकाचे चौरस दिलेले होते, आणि त्या टापूतल्या सम चौरसांत साध्या अर्जदाराला तेव्हा ऐंशीच एकर मिळत. (याच रेल्वेने क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड अशी स्थानकांची नावे इंग्रजी अक्षरक्रमाने ठेवत नेली. नामकरणाचा इतका बिनडोक्याचा आणि इतका सोयीचा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.) नवरा पाच वर्षे पुरी होण्याआधीच वारला. कायद्याने विधवेला दावा पुढे चालवता येई, आणि १८८० मध्ये अंतिम पुरावा दिला तो तिने. छापील प्रश्नांना तिची उत्तरे कारकुनाने लिहून घेतली होती. घर चौदा फूट रुंद, वीस फूट लांब, एक दार, दोन खिडक्या. एक विहीर. पंचेचाळीस एकर नांगरलेली. १८७४ चे पीक टोळांनी खाल्ले. शेवटी सहीच्या जागी फुली होती आणि फुलीच्या डावी-उजवीकडे कारकुनाच्या वळणदार अक्षरात तिचे नाव होते. आपल्याकडे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असते, त्याहून जुन्या कागदांत कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असते. पण फुलीच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाईचा ठिपका साचला होता. तिने टाक क्षणभर तिथे टेकवून धरला असावा.

फायलीत वर्तमानपत्रात छापलेल्या नोटिशीचे कात्रणही होते. १८७९ पासून असा पुरावा देण्याआधी चार साक्षीदारांच्या नावांसह नोटीस छापावी लागे. चारपैकी दोघांनी साक्ष दिली होती. त्यांतल्या एकाचे आडनाव इतके विचित्र लिहिले होते, की ते कोणत्याही भाषेतले वाटेना. मी ते सवयीने टिपून घेतले. जमिनीचे वर्णनही मीच उतरवले, आणि ती चूक माझीच.

तिसरा दिवस: चुकीचे शेत

या देशात मोजणी आधी झाली आणि माणसे मागून आली. आपल्याकडे विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून पाहणी केली तेव्हा ओढे, बांध आणि वहिवाट होतीच, आणि सर्व्हे नंबर त्यांच्या वाकड्यातिकड्या कडांनी आखले गेले. इथे आधी सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप पाडल्या, प्रत्येकीत एक मैल चौरसाचे ३६ सेक्शन केले, आणि सेक्शनचा चतकोर म्हणजे १६० एकर. साखळी मात्र दोन्हीकडे एकाच घरातली निघाली. त्यांची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची, आणि तेहतीस फूट चौरस म्हणजेच आपला गुंठा. हे विहीणबाईंना समजावून सांगताना माझी गाडी फार वेगात होती, म्हणजे बोलण्याची.

नेब्रास्कात सगळ्या रेंज, म्हणजे टाउनशिपचे उभे पट्टे, सहाव्या प्रमुख रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला मोजतात. सकाळी आम्ही फिलमोर काउंटीत सरळ रेघेतले कच्चे रस्ते मोजत एका मक्याच्या शेताशी पोहोचलो. कणसे वाळून खाली झुकली होती, पलीकडे सोयाबीन पिवळे पडले होते. विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी रस्त्याकडेची मूठभर माती काचेच्या बाटलीत भरली आणि डोळे पुसले.

तेवढ्यात शेतमालक पिकअप घेऊन आला. त्याने आमचा कागद पाहिला, आपल्याजवळचे काउंटीच्या नकाशांचे पुस्तक उघडले आणि अतिशय सौजन्याने विचारले, की हे अक्षर पश्चिमेचे आहे की पूर्वेचे? मी फायलीची प्रत पुन्हा काढली. रेंज ३ पूर्व. मी पश्चिम उतरवले होते. पट्ट्याची छापील प्रत काढून ताडून पाहिली असती तर हे घडले नसते. तालुक्यात नव्या कारकुनांना हेच मी ओरडून सांगत असे. त्या एका अक्षरापायी आम्ही तीस मैल चुकीच्या जागी उभ्या होतो. विहीणबाईंनी बाटली उपडी केली, माती जिथली तिथे ठेवली आणि गाडीत बसल्यावर त्या जवळजवळ दहा मिनिटे हसत होत्या.

चौथा दिवस: विल्बर

सलीन काउंटीचे मुख्य ठिकाण विल्बर. इथे चेक वस्ती इतकी दाट, की गाव स्वतःला अमेरिकेतल्या चेकांची राजधानी म्हणवते. सकाळी बेकरीत खसखशीचे सारण भरलेले ‘कोलाचे’ खाल्ले. खसखस पाहून मला अनारशाची आठवण झाली, पण चव अगदी वेगळी आहे.

नंतर पूर्वेकडच्या, खऱ्या रेंजमधले शेत पाहिले. तिथेही मकाच होता. विहीणबाईंनी बाटली भरली, पण या वेळी आधी नकाशा दोनदा पाहिला.

दुपार काउंटीच्या कचेरीत गेली. खरेदीखतांची सूची देणाऱ्यांची वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी असते, त्यामुळे आपला माणूस दोन्हीकडे शोधावा लागतो. खतांत बायका भेटतात, कारण नवरा जमीन विकताना बायकोच्या हक्कासाठी तिचीही सही लागे; पण भेटतात त्या ‘आणि त्याची पत्नी’ एवढ्याच. बाईच्या मृत्यूनंतरच्या वारस प्रकरणात सहा मुलांची नावे, वये आणि गावे व्यवस्थित होती. आपल्या वारसनोंदीची ही थोरली बहीणच म्हणायची. पण वारसनोंद खाली पाहते, वर पाहत नाही. आईबाप कोण, हा प्रश्न तिला पडत नाही.

तो प्रश्न मृत्यूच्या दाखल्याला पडतो. नेब्रास्कात राज्याची मृत्युनोंदणी १९०४ मध्ये सुरू झाली. बाई वारली १९०३ मध्ये. स्थानिक साप्ताहिकात तिच्यावर चार ओळी आल्या होत्या, त्यांत ती नवऱ्याच्या नावापुढे ‘मिसेस’ लावून आली होती; तिचे स्वतःचे पहिले नावसुद्धा नव्हते. चर्चच्या वह्यांचाही उपयोग नव्हता. इथे आलेल्या चेकांपैकी पुष्कळ जण स्वतंत्र विचाराचे म्हणवून घेत आणि त्यांनी चर्चशी संबंध तोडलेला होता; त्यांच्या आयुष्याच्या नोंदी बंधुसंस्थांच्या विमा-वह्यांत आणि दफनभूमीत राहिल्या.

आपल्याकडे लग्नात पुष्कळदा मुलीचे पहिले नावही बदलत. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात मात्र प्रत्येक सुनेच्या नावापुढे कंसात माहेरचे नाव आणि आडनाव दिले आहे, आणि त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या नामावळीतही माझ्या आजेसासूबाई अशाच सापडल्या. हे मी विहीणबाईंना सांगितले. मुलीने त्यांना मला ताई म्हणायला शिकवले आहे. त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडे हरवायला दोन नावे आहेत, म्हणून तुम्ही जपून ठेवता.” मला यावर उत्तर सुचले नाही. आमच्या कुलवृत्तांतात मुली लग्न झाल्यावर एका ओळीत संपतात, हे मी त्यांना सांगितले नव्हते.

पाचवा दिवस: दफनभूमी

गावाबाहेरच्या चेक दफनभूमीत आम्ही उजाडताच गेलो, कारण कोवळे तिरपे ऊन झिजलेल्या अक्षरांवर सावली पाडते. दगडावर खडू घासू नये, साबणाचा फेस लावू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरे, असे देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी आधीच बजावले होते. नवरा-बायकोचा दगड एकच होता. त्याच्या पायथ्याशी कोकरू कोरलेले तीन छोटे दगड होते. कोकरू म्हणजे लेकरू. विहीणबाईंनी वहीच्या चारपैकी तीन ओळी भरल्या.

मोठ्या दगडावर ‘झ्दे ओद्पोचिवा’, म्हणजे ‘येथे विसावली आहे’, हे वाचता आले. त्याखाली बाईचे नाव ‘ओवा’ या स्त्रीलिंगी प्रत्ययासह होते, जो प्रत्यय एकाही इंग्रजी कागदावर टिकला नव्हता. जन्माचे वर्ष, मृत्यूचे वर्ष, आणि मग गवत. दगड खचून वीतभर जमिनीत गेला होता. परवानगी घेऊन त्या गृहस्थांनी स्वतःच खुरप्याने हिरवळीची एक पट्टी अलगद उचलली, मी तांब्याभर पाणी ओतले आणि विहीणबाईंनी ब्रश फिरवला. मातीखाली राहिल्याने तिथली अक्षरे वरच्यापेक्षा कोरी होती. पहिला शब्द निघाला ‘रोझेना’. चेक भाषेत रोझेना म्हणजे माहेरची अमुक. त्यापुढे एक आडनाव, त्याच्या मधोमध डोक्यावर उलटी टोपी घातलेला र. खाली एका गावाचे नाव.

तो र आपल्याला संगीतकार ड्वोर्झाक यांच्या नावात भेटतो. र आणि झ एका दमात म्हणायचे. मी ते आडनाव मोठ्याने वाचून पाहिले, पुन्हा वाचले, आणि पिशवीतून दुसऱ्या दिवशीची वही काढली. साक्षीदाराचे ते विचित्र आडनाव कागदावर यासारखे अजिबात दिसत नव्हते. म्हणून पाहिल्यावर मात्र तेच होते. कारकुनाने र आणि झ यांची मिळून इंग्रजी अक्षरांची एक मोळी बांधली होती. तिने पाच वर्षे जमीन कसली, हे शपथेवर सांगायला उभा राहिलेला माणूस तिच्या माहेरचा होता.

एका जुळणीवर नाते लावायचे नाही, ही कचेरीतली सवय. रात्री लॉजवर परतल्यावर आम्ही दक्षिण बोहेमियाच्या जुन्या पॅरिश वह्या संगणकावर उघडल्या. त्रेबोन्य येथील अभिलेखागाराने त्या कोणालाही पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. बोहेमियाच्या पाद्र्यांना सरकारने घातलेले रकाने अमेरिकेपेक्षा वेगळे होते: घर क्रमांक, बाप, आई, आणि आईचे आईबापसुद्धा. गाव दगडाने दिले होते, वर्षही दगडाने दिले होते. मध्यरात्र उलटल्यावर बाईचा जन्म सापडला, पाठोपाठ त्याच घर क्रमांकावर, दोन वर्षांनी धाकटा, त्या साक्षीदाराचा. एका ओळीत बाईचे माहेर, तिच्या आईचेही माहेर.

विहीणबाई थांबेनात. लग्नाची नोंद १८६१ ची निघाली, आणि मग त्या घरातले पहिले मूल, १८६२ चा मुलगा, थोरल्या म्हणून आम्ही धरलेल्या मुलीच्याही आधीचा. त्याच्या नावाशेजारी पाद्र्याने दुसऱ्या शाईने एक बारीक क्रूस काढून पुढे तारीख घातली होती. जन्मानंतर अकरा आठवडे.

विहीणबाईंनी वही मागे उलटत नेली, पहिल्या दिवशीचे ते पान काढले आणि चौथ्या ओळीवर त्याचे नाव लिहिले, र वरच्या उलट्या टोपीसकट.